आजीच्या गोळ्यांची स्ट्रिप वाचूया : हृदयाची औषधे, ओळख आणि काळजी



आजचा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तो रोज सकाळी आणि रात्री घडतो. म्हणून तो इथे लिहावासा वाटला.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस उशिरा शाळेत आली. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि ही, दोघीच. "का गं, उशीर का झाला?" म्हणून विचारलं तर ती गप्प. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आजी पडली. मीच गोळ्या दिल्या होत्या."

झालं असं होतं. आजीला बी.पी.ची गोळी चालू होती. ती मेडिकलमधून आणलेली, कंपनीच्या नावाची. पुढे गावात तपासणी झाली तेव्हा आजीला तिथूनही एक स्ट्रिप मिळाली. त्यावर नुसतं औषधाचं नाव होतं, अ‍ॅम्लोडिपिन. पोरीने दोन्ही स्ट्रिप नीट वाचल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणजे गोळ्याही वेगळ्या, असं समजून ती रोज दोन्ही देत राहिली. प्रत्यक्षात दोन्हींत एकच औषध होतं. आजीला दुप्पट डोस जात होता. सहाव्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना आजीला चक्कर आली. नशीब, हाड मोडलं नाही, मनगटावर भागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही स्ट्रिप शेजारी ठेवल्या आणि लगेच उलगडा झाला.

त्या मुलीने वाचण्यात काही चूक केली नव्हती. काय वाचायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी, जल, नीर हे समानार्थी शब्द तिला मीच शिकवले होते. एकाच औषधालाही दोन नावं असतात, हे मात्र मी कधी बोलले नव्हते. आपल्याकडे मुलं पहिलीपासून इंग्रजी वाचतात आणि कितीतरी घरांत इंग्रजी अक्षरं वाचू शकणारं तेच एक माणूस असतं. म्हणून हा पाठ.

आधीच एक स्पष्ट करते. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. कोणती गोळी, किती आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त दिलेलं औषध समजून घ्यायला आणि चूक न करता घ्यायला शिकणार आहोत.

१. आधी हृदयाचं काम

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडधडतं. लहान मुलांचं थोडं जास्त. वर्गात हे गणित जरूर करून घ्या : मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे किती? ७२ × ६० × २४ = १,०३,६८०. एका दिवसात एक लाखाहून जास्त! फळ्यावर उत्तर आलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता घरच्या पाण्याच्या मोटारीचा विचार करा. पाइपमध्ये दाब फार वाढला तर पाइप आणि मोटार दोघांवर ताण येतो. पाइपच्या आतून थर बसला तर पाणी कमी येतं. मध्ये काही अडकलं तर पाणी बंद. मोटारच थकली तर पाणी वर चढत नाही. हृदयाच्या बाबतीतही साधारण असंच असतं. दाब वाढणं म्हणजे बी.पी., थर बसणं म्हणजे कोलेस्टेरॉलमुळे रक्तवाहिनी अरुंद होणं, अडकणं म्हणजे रक्ताची गुठळी, आणि मोटार थकणं म्हणजे हृदयाची ताकद कमी होणं. हृदयाच्या बहुतेक गोळ्या या चारपैकी एखाद्या कामासाठी असतात. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मा पाठ समजला.

२. स्ट्रिपवर काय वाचायचं?

गोळ्यांची कोणतीही स्ट्रिप हातात घ्या आणि या पाच गोष्टी शोधा.

पहिली, औषधाचं मूळ नाव. कंपनीचं नाव आकर्षक असतं, पण औषध ओळखायचं ते मूळ नावावरून. समानार्थी शब्दांसारखंच आहे, शब्द वेगळे पण अर्थ एक. मूळ नाव म्हणजे त्या गोळीचा अर्थ. जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात औषध याच नावाने मिळतं. एका गोळीत दोन औषधंही असू शकतात. बी.पी.च्या गोळीच्या नावापुढे ए.एम. असेल तर त्यात बहुधा अ‍ॅम्लोडिपिनही असतं, आणि एच. असेल तर लघवी वाढवणारं एक औषध. म्हणून छोट्या अक्षरांत लिहिलेले घटकही वाचायचे.

दुसरी, ताकद, म्हणजे किती मिलिग्रॅम. इथे दशांश अपूर्णांक कामाला येतात. २.५ आणि २५ यांत एका टिंबाचा फरक आहे, पण औषध दहापट! अ‍ॅम्लोडिपिन २.५, ५ आणि १० अशा ताकदीत मिळतं. मेटोप्रोलॉल २५ आणि ५० मध्ये मिळतं. नाव तेच आहे म्हणून गोळी तीच, असं समजू नका.

तिसरी, नावापुढची अक्षरं. एक्स.एल., एस.आर., ई.आर. अशी अक्षरं असतील तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटून, चावून किंवा पाण्यात विरघळवून देऊ नये. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आजोबांना गोळी गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते पर्याय देतील.

चौथी, मुदत संपण्याची तारीख. ती बहुधा स्ट्रिपच्या एका टोकाला असते. आपण गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढाव्यात, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते. दुकानदाराने स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या तर नाव आणि तारीख दोन्ही हातून जातात. अशा वेळी तिथेच चिठ्ठीवर लिहून घ्या.

पाचवी गोष्ट स्ट्रिपवर नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते : १-०-१. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे फक्त गरज पडली तर. हे मुलांना पाच मिनिटांत येतं. आपल्याला मोठ्यांनाच कधी कुणी सांगितलेलं नसतं!

३. नेहमीच्या औषधांची ओळख

*बी.पी. कमी करणारी*

अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. त्याने काहींच्या पावलांवर, घोट्यांवर सूज येते. पाय सुजले म्हणजे किडनी गेली असं समजून घाबरू नका, आणि परस्पर गोळीही थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

टेल्मिसार्टन, लोसार्टन आणि रामिप्रिल, एनालाप्रिल हे दोन जवळचे गट आहेत. रामिप्रिल, एनालाप्रिलने काही जणांना कोरडा खोकला लागतो. खोकल्याची औषधं पिऊन तो जात नाही, गोळी बदलावी लागते. या दोन्ही गटांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून डॉक्टर मधून मधून रक्त तपासतात. महत्त्वाचं : या गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात. बी.पी.ची गोळी चालू असलेल्या भगिनींनी मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं.

*ठोके आवरणारी*

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल हृदयाची गती कमी करतात, त्यामुळे त्याच्यावरचा ताण कमी होतो. ही एकदम बंद करायची नसतात. अचानक थांबवली तर ठोके आणि बी.पी. उसळू शकतात, छातीत दुखू शकतं. बंद करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि मधुमेह असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : शुगर कमी झाल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, ही सूचना या गोळीने झाकली जाऊ शकते. घाम मात्र येतो. अचानक दरदरून घाम आला तर शुगर तपासा.

*लघवी वाढवणारी*

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड अंगात साठलेलं पाणी बाहेर काढतात. पायावरची सूज आणि दम कमी होतो. शक्यतो सकाळी घेतात, नाहीतर रात्रभर उठबस होते आणि अंधारात पडण्याचा धोका असतो. यांनी पोटॅशियम कमी होतं. याउलट स्पायरोनोलॅक्टोन ते वाढवतं. दोन्ही "लघवीच्याच गोळ्या", पण काम वेगळं! हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचं वजन रोज सकाळी एकाच वेळी करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं तर ते बहुधा पाणी असतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

*कोलेस्टेरॉल कमी करणारी*

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही बहुधा रात्री दिली जाते. हिने आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं काही जाणवत नाही, म्हणून बरेच जण ती सोडून देतात. पण हळूहळू साचणारा थर आवरण्याचं काम ती आतून करत असते. अंगाचे स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र लगेच दाखवा.

*रक्ताची गुठळी होऊ न देणारी*

अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल यांना आपण "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, त्यातल्या सूक्ष्म कणांचं एकमेकांना चिकटणं कमी होतं. अ‍ॅस्पिरिन जेवणानंतर घेतात. अ‍ॅन्जिओप्लास्टी करून आत स्टेंट बसवला असेल तर या गोळ्या एक दिवसही मनाने बंद करू नका. स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी "गोळी थांबवू का?" हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि शेजारचे काका घेतात म्हणून आपणही अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. रक्तस्राव हा तिचा खरा धोका आहे. डांबरासारखी काळी शौच झाली तर दवाखाना गाठा.

अ‍ॅसिनोकुमारॉल, वॉरफरिन यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा ठोके अनियमित असलेल्यांना ही देतात. डोस थोडा कमी झाला तर गुठळी, थोडा जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. पालक, मेथी, कोबी यांतल्या के जीवनसत्त्वाचा या गोळीवर उलटा परिणाम होतो. पालेभाजी बंद करायची नाही, पण प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. महिनाभर काही नाही आणि मग आठवडाभर रोज मेथी, असं नको.

*डिगॉक्सिन*

ही फार जुन्या घराण्यातली गोळी. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिलं, त्याच कुळातल्या वनस्पतीचं हे औषध. याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असते. काही रुग्णांना डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस घ्यायला सांगतात. अशा वेळी कॅलेंडरवर खूण हवीच. मळमळ, उलट्या, नाडी फार मंद होणं, नजरेला पिवळसर दिसणं ही डोस जास्त झाल्याची लक्षणं.

इथे शाळेशी थेट संबंध आहे. आपल्या कितीतरी शाळांच्या कुंपणाला पिवळी कण्हेर आहे. तिच्यात, विशेषतः बियांत, डिगॉक्सिनच्याच जातीची हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. मुलं त्या बियांनी खेळतात. एकदा परिपाठात ते झाड दाखवून "हे तोंडात घालायचं नाही" एवढं सांगाच.

*जिभेखालची गोळी*

आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, म्हणजे आपल्याकडे बहुतेक जण जिला सॉर्बिट्रेट म्हणतात ती. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. घेताना बसूनच घ्यायची, कारण बी.पी. झपकन खाली येतं आणि उभा माणूस पडू शकतो. थोडं डोकं दुखतं, ते अपेक्षित आहे. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. आणि संकोच न करता सांगते, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतल्या असतील तर ही गोळी जिवावर बेतू शकते. डॉक्टरांपासून ते लपवू नये.

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट : याच घराण्यातलं नायट्रोग्लिसरीन वापरून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवलं, आणि आयुष्याच्या शेवटी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी त्यांना तेच नायट्रोग्लिसरीन औषध म्हणून सुचवलं.

४. घरोघरी होणाऱ्या चुका

"बी.पी. नॉर्मल आलं, गोळी बंद केली." ही सर्वांत मोठी चूक. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे. छत्री धरली म्हणून आपण भिजलो नाही, याचा अर्थ पाऊस थांबला असा होत नाही.

"काल विसरले, म्हणून आज दोन घेतल्या." असं कधीच करायचं नाही. आठवण झाली आणि पुढच्या डोसला बराच वेळ असेल तर बहुतेक गोळ्या तेव्हा घेता येतात. पुढची वेळ जवळ आली असेल तर सुटलेली सोडून द्यायची. रक्ताच्या गोळ्या आणि डिगॉक्सिन यांबाबत डॉक्टरांनाच विचारून ठेवा.

"त्यांनाही बी.पी. आहे, त्यांची गोळी मला लागू पडली." आजार एक असला तरी वय, किडनी, शुगर, दमा वेगवेगळं असतं. गोळी ही साखरेसारखी वाटीने उसनी आणायची वस्तू नाही.

"सगळ्या गोळ्या एका डब्यात." स्ट्रिपमधून काढून डब्यात मिसळल्या की नाव, ताकद, तारीख सगळंच हरवतं. वारांचे कप्पे असलेला डबा वापरत असाल तर तो मोठ्या माणसाने भरावा आणि रिकाम्या होईपर्यंत स्ट्रिप जपून ठेवाव्यात.

"गोळ्या टीव्हीवर ठेवल्यात." घरात रांगणारं, चालणारं मूल असेल तर हे फार धोक्याचं. मोठ्यांच्या बी.पी.च्या एक-दोन गोळ्यासुद्धा लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतात. उंच आणि कुलूपबंद जागा हवी. गोळीला "चॉकलेट" म्हणू नका. मुलाने गोळी खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता स्ट्रिप घेऊन दवाखान्यात जा.

५. दुसरी औषधं, जडीबुटी आणि जेवण

सांधे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणणं आपल्याकडे सर्रास चालतं. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बी.पी. वाढवतात, किडनीवर भार टाकतात, आणि अ‍ॅस्पिरिनसोबत घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयरुग्णाने दुखण्यासाठी काय घ्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

"आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हा समजही तपासून घ्यायला हवा. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि आपली ही वनस्पती रक्तदाब कमी करते हे जगाच्या डॉक्टरांसमोर आलं. म्हणजे जडीबुटी खरोखर काम करते! म्हणूनच ती बी.पी.च्या गोळीसोबत न सांगता घेतली तर दाब जास्तच उतरू शकतो. उलट, खोकल्यासाठी आपण चघळतो ते ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर बी.पी. वाढतं, पोटॅशियम कमी होतं. डॉक्टरांकडे जाताना काढे, चूर्णं, लेह्य यांची नावंही सांगा.

मिठाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितलं आहे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. त्यात पापड, लोणचं, फरसाणसुद्धा आलं. "कमी सोडियमचं मीठ" मात्र आपल्या मनाने आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना ते चालेलच असं नाही. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातकुळीतलं पपनस काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा, अंगातला अंश वाढवू शकतं. नेहमी खात असाल तर विचारून घ्या.

६. तातडीची वेळ

छातीत दाबल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, दम लागणं ही धोक्याची लक्षणं. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींमध्ये नुसता दम, मळमळ किंवा खूप थकवाही असू शकतो. "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पाजत वेळ घालवू नका.

माणसाला बसवा, कपडे सैल करा, १०८ वर फोन करा. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी असेल तर बसवून द्या. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर तो झटका समजून लगेच मदत बोलवा. चालवत नेऊ नका. जाताना गोळ्यांच्या स्ट्रिप आणि जुनी चिठ्ठी सोबत घ्या. १०८ वर काय सांगायचं, म्हणजे गाव, वस्ती, जवळची खूण, काय होतंय, हे वर्गात नाट्यीकरणातून मुलांना जरूर शिकवा.

७. हृदय फक्त आजी-आजोबांचं नसतं

शिक्षकांनो, हे आपल्यासाठी. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखतो. त्यावर पूर्ण उपचार झाले नाहीत तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे, घोटे, कोपर असे मोठे सांधे आळीपाळीने सुजतात. हा संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. अशा मुलांना पुढे अनेक वर्षं दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते मूल त्या दिवशी गैरहजर राहिलं तर रागावू नका, उलट तारीख जवळ आली की पालकांना आठवण करून द्या. आणि घशासाठी दिलेलं औषध "बरं वाटलं" म्हणून मध्येच बंद करू नये, हे पालक सभेत सांगा.

८. वर्गातील उपक्रम

नाडी मोजूया : मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला मधली तीन बोटं ठेवायची. अंगठ्याने मोजू नये, त्याला स्वतःचा ठोका असतो. बसून एक मिनिट, मग जागच्या जागी उड्या मारून पुन्हा एक मिनिट मोजायचं. दोन्हींचा स्तंभालेख काढायचा.

घरच्या औषधांचा तक्ता : वहीच्या पानावर सहा रकाने : मूळ नाव, कंपनीचं नाव, ताकद, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, मुदत. मुलाने घरी जाऊन मोठ्यांसमोर स्ट्रिपवरून उतरवायचं. तक्ता वर्गात वाचून दाखवायचा नाही, कुणाच्या घरी कोणता आजार हे खाजगी असतं. दोन ओळींत मूळ नाव सारखं आलं तर त्याला लाल गोल करायचा आणि मोठ्यांनी तो तक्ता आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवायचा.

गणित : रोज अर्धी गोळी, स्ट्रिपमध्ये १० गोळ्या, तर किती दिवस पुरतील? १-०-१ असेल तर ३० दिवसांना किती गोळ्या लागतील? संपायच्या आठ दिवस आधी कोणत्या तारखेला आणायला जायचं?

एक मर्यादा मात्र आपण पाळायची. मुलाने वाचायचं, निर्णय मोठ्यांनी घ्यायचा. नऊ-दहा वर्षांच्या लेकरावर कुणाच्या औषधाची जबाबदारी असू नये. पण जिथे घरात दुसरं वाचणारं कुणीच नाही, तिथे ते मूल एकटं पडू नये एवढं तर आपण करू शकतो. शेजारची एखादी ताई, आशाताई, आपल्यापैकी कुणी आठवड्यातून एकदा त्या स्ट्रिप बघाव्यात.

त्या मुलीच्या घरी आम्ही हेच केलं. आशाताईंनी जास्तीची स्ट्रिप परत नेली. डब्याच्या झाकणावर सूर्य आणि चंद्राची चित्रं चिकटवली, सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. आता आजी स्वतःच गोळी घेते. मुलगी फक्त नवीन स्ट्रिप आली की जुन्या स्ट्रिपशेजारी ठेवून मूळ नाव जुळवून बघते आणि शंका आली तर आशाताईंकडे पळते. "मीच दिल्या होत्या" हे वाक्य ती परत बोललेली नाही. मलाही ते तिच्या मनात राहू द्यायचं नव्हतं, कारण ती चूक तिची नव्हतीच.

स्वाध्याय (पालक आणि शिक्षकांसाठी)

१. आज घरातली एक स्ट्रिप घ्या आणि तिचं मूळ नाव शोधा.
२. घरात एकाच मूळ नावाच्या दोन स्ट्रिप आहेत का ते तपासा.
३. कोणती गोळी एकदम बंद करायची नसते, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का, विचारा.
४. औषधांचा डबा लहान मुलाच्या हाताला लागतो का, खाली बसून त्याच्या उंचीवरून बघा.
५. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णं एका पिशवीत घालून न्या.

आपल्या वर्गात हा तक्ता करून बघा आणि काय अनुभव आला ते जरूर कळवा.